उलटं फिरलेलं जातं

बनुबाईच्या तोंडाला आमची अख्खी वाडी घाबरून असायची. मी तर तिचा भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे तिच्या शिव्यांचा पहिला मान माझा. नवरा लवकर गेला, आणि जयराज व अंकिता ही दोन पोरं तिनं आटपाडीच्या या कोरड्या माळावर एकटीनं वाढवली. अशा बाईनं गोड बोलत बसावं, अशी अपेक्षा करणाराच मूर्ख म्हणायचा.

दारात पिठाची गिरणी आली तरी तिनं जातं सोडलं नाही. डाळ भरडायची ती जात्यावरच. जात्याचे तिचे दोन कायदे होते. रिकामं जातं ओढायचं नाही, आणि उलटं तर चुकूनसुद्धा फिरवायचं नाही. उलटं फिरलं की घरातलं माणूस जातं, हे सासूनं तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

जयराज फौजेत लागला आणि त्याची नेमणूक राजस्थानात झाली. एका जूनमध्ये तो रजेवर आला. बाहेर वारं असं सुटलेलं की माझ्या गोठ्याचा पत्रा तिच्या अंगणात जाऊन पडला. त्याबद्दल मला यथासांग शिव्या घालून झाल्यावर ती पोराला म्हणाली, "हे मेलं वारं एवढं पळतंय तरी कुठं?"

"माज्याकडं," जयराज हसला. "आये, तिकडं वाळू लय तापती. हवा हलकी हुती, वर जाती. तिथं दाब कमी पडला की समुद्रावरची जड हवा तिकडं धाव घेती. त्येच हे वारं."

"मग हितनं जाऊन तुला गाठतं व्हय?"

"सरळ न्हाई गाठत. दक्षिणेकडनं निघतं, पर खाली पृथ्वी फिरत असती, म्हून वाटंत उजवीकडं वळतं. थांब, दावतो."

त्यानं जात्याच्या वरच्या दगडी पाळीवर चिमूटभर पीठ पसरलं आणि अंकिताला ते उलटं फिरवायला लावलं. फिरत्या जात्यावर त्यानं कडेपासून मध्याकडं सरळ बोट ओढलं. जातं थांबलं तेव्हा पिठातली रेघ कमानीसारखी वाकलेली होती. मी "आरं तिच्या मायला!" म्हणून ओरडलो. आणि बनुबाई, जिनं एरवी लाटणं उगारलं असतं, ती पोराकडं बघून खळखळून हसली. पोर वर्षानं घरी आलं होतं, कायदा कुणाला आठवणार?

पुढच्या मे महिन्यात राजस्थानात धुळीचं वादळ उठलं. समोरचं काही दिसेना, त्यात जयराजची गाडी उलटली. तिरंग्यात गुंडाळून तो वाडीत आला.

सावडायच्या दिवशी बनुबाई मला म्हणाली, "आप्पा, जातं उलटं फिरताना म्या हसले हुते. पोराला म्याच खाल्लं." मी नशिबाचं वगैरे काहीतरी बोललो, तर तिनं मला दाराबाहेर काढलं. जातं उचलून आपल्या गोठ्यात नेलं आणि त्यावर पोतं टाकलं. त्यानंतर भाकरी थापताना, गुरांना वैरण टाकताना ती स्वतःलाच शिव्या देत असायची. भिंतीपलीकडून ते ऐकू यायचं. मला घातलेल्या शिव्या बऱ्या होत्या, या मात्र ऐकवत नसत.

दोन वर्षांनी अंकिताचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नाची हळद जातं पुजून त्यावर दळतात. माझ्या बायकोनं आमचं जातं देऊ केलं, पण अंकिता अडून बसली. "दळीन तर दादानं हात लावलेल्या जात्यावर."

बनुबाई गोठ्याचं दार अडवून बसली. "त्या जात्यानं एक खाल्लं. आता तुला देऊ?"

अंकिता तिच्यापुढं खाली बसली. "आये, जातं म्या फिरवलं हुतं, तू न्हाई. आन उलटं न्हवतंच ते. पृथ्वी उत्तर टोकाच्या वरनं बघितली तर तशीच फिरती, म्हून दादानं तसं फिरवाय लावलं. ती रोज तशीच फिरती. रोज कुणाकुणाला खाती व्हय? वादळ तापलेल्या वाळूवर उठलं, आपल्या घरात न्हाई."

बनुबाईनं हळूच विचारलं, "म्हंजी माजं काय चुकलं न्हवतं?"

"न्हाई गं."

मला वाटलं, सुटली बाई एकदाची. तिनं स्वतःच्या हातानं पोतं बाजूला काढलं, जात्यावरची धूळ पदरानं पुसली. आणि मग माझ्याकडं वळली. तिचा असा चेहरा मी जयराज तिरंग्यात आला त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"दोन वरसं म्या माज्यासंगं भांडले, आप्पा," ती म्हणाली. "आता कुणासंगं भांडू?"