पाकिटातली चिठ्ठी

आमच्या मजल्यावर दोन मराठी घरं. एक आमचं, दुसरं समोरचं, कालिंदीताई सबनीसांचं. सहा वर्षांपूर्वी सारंगची, माझ्या नवऱ्याची, कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही डमडमला राहायला आलो. सामानाचा ट्रक अजून खाली उभा होता, तेवढ्यात समोरचं दार उघडून या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाण्याची मोटर किती वाजता लावतात ते सांगितलं का कुणी? नाही ना? मग लिहून घ्या."

मी खरंच लिहून घेतलं. त्यांच्यापुढे दुसरं काही सुचत नाही.

त्या मूळच्या सांगलीच्या. यजमान विनायकराव रेल्वेत होते, गार्डन रीचच्या मुख्यालयात. त्यांच्या मागोमाग ताईंनीही बँकेतून इकडे बदली मागून घेतली. दोन वर्षांत परत जायचं म्हणून आले ते एकोणतीस वर्षं इथेच राहिले. मुलगा सुश्रुत इथेच शिकला, नोकरीला बेंगळुरूला गेला. विनायकराव गेले तेव्हा तो म्हणाला, आई, माझ्याकडे चल. ताई म्हणाल्या, "मला इथल्या माशांची सवय झालीय." कोकणस्थ बाई, लग्नानंतर पंधरा वर्षांनी मासे खायला शिकलेली, तिचं हे कारण. सुश्रुतने मग विषय काढला नाही.

नोकरीची शेवटची नऊ वर्षं त्या कार्डांच्या तक्रारींच्या टेबलावर होत्या. बँकॉकला पाकीट मारलं, दुबईत कार्ड मशीनमध्ये अडकलं, सिंगापूरहून आल्यावर खात्यातून पैसे गेलेले दिसले, असे सगळे लोक त्यांच्यासमोर येऊन बसायचे. ताई शांतपणे ऐकायच्या आणि मग एकेक प्रश्न विचारायच्या. त्या प्रश्नांना त्यांच्या शाखेत सगळे टरकून असत, असं त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. सोसायटीतलं कुणी परदेशी निघालं की ताईंकडे जाऊन यायचंच. दोन कार्डं दोन ठिकाणी ठेवा. टोल-फ्री नंबर परदेशातून लागत नाही, तिथला नंबर वेगळा असतो, कार्डाच्या मागे छापलेला असतो. कार्डच गेलं तर तो बघणार कशावर? तेव्हा कागदावर उतरवा. आणि पिन फक्त डोक्यात.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात त्या स्वतः निघाल्या. अथेन्सला. बी.ए.ला त्यांचा प्राचीन इतिहास होता आणि विनायकरावांबरोबर जायचं ठरून तीनदा राहिलं होतं. इथल्याच एका नऊजणांच्या ग्रुपबरोबर त्या गेल्या. घराची किल्ली माझ्याकडे दिली, तुळशीला पाणी घालायला.

चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास त्यांचा फोन आला. मी घरूनच काम करते, लॅपटॉपसमोर होते.

"अनुजा, घाईत नाहीस ना?" आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा हळू. "माझं पाकीट गेलंय. मेट्रोत. दार बंद होताना एक मुलगी अंगावर पडली, सॉरी म्हणाली. उतरून बघते तर पर्सची चेन उघडी."

"तुम्ही ठीक आहात ना? ग्रुप कुठे आहे?"

"सगळे बोटीने बेटावर गेलेत. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी राहिले. म्युझियम बघणार होते. ते राहू दे. खात्यातून पैसे काढल्याचा मेसेज आलाय. आत्ता दुसरा आला."

"मग कार्ड ब्लॉक करा ना!"

"मेसेजमधला नंबर टोल-फ्री आहे, इथून लागत नाही. परदेशातला नंबर मी लिहून ठेवला होता आणि तो कागद..." त्या थांबल्या. "तो घरी राहिला."

"घरात कुठे? मी जाते."

पलीकडून काही उत्तर आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. गाडीच्या घोषणेचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. मी दोनदा "ताई, ताई" म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "बेडरूममधलं कपाट. डावं दार. निळी फाइल."

मी धावले. कपाटाचं डावं दार उघडलं आणि फाइलकडे हात जाण्याआधी नजर दाराच्या आतल्या बाजूवर गेली. वरपासून खालपर्यंत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ताईंचं बँकेतलं वळणदार अक्षर, खाली तारखा.

"लाल झाकण मीठ, निळं झाकण साखर." "सकाळची गोळी घेतली का? डबी उघडून बघ." "सुश्रुत – ११ सप्टेंबर." "बेल वाजली तर आधी गॅस बंद कर, मगच दार उघड." आणि मधोमध एक : "समोर – अनुजा. नवरा सारंग. मुलगी नूपुर, सहावीत."

पाच वर्षं आम्ही रोज भेटत होतो. चिठ्ठीची तारीख जुलैतली होती.

"सापडली का फाइल?" फोनमधून आवाज आला.

"हो. नंबर सांगते, घ्या."

एकेक आकडा सांगितला. त्यांनी तो परत म्हणून दाखवला, आभार मानले आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी मेसेज आला : "ब्लॉक झालं. तिसऱ्यांदाही काढले. काळजी नको."

काळजी नको म्हणे! मी त्यांच्या पलंगावर तशीच बसून राहिले. दुसरं कार्ड त्यांनी हॉटेलवरच्या बॅगेत ठेवलं होतं, स्वतःच्याच नियमाप्रमाणे, हे त्यांनी संध्याकाळी सांगितलं. पण त्याचा उपयोग झाला नाही. त्याचा पिन आठवेना. ग्रुपबरोबरच्या श्यामला म्हणून एका बाईंनी पुढचे दिवस त्यांचा खर्च केला.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ताईंनी मला चहाला बोलावलं. टेबलावर बँकेचा तक्रारअर्ज होता, ग्रीक पोलिसांनी दिलेला शिक्क्याचा कागद होता, मेसेजेसचे प्रिंट टाचणीने लावलेले होते. सगळं नीट भरलेलं. एकच रकाना कोरा होता. "पिन कार्डासोबत लिहून ठेवला होता का? होय / नाही."

"तुला विचारायचं होतं," ताई म्हणाल्या. "चोराला पिन कळला कसा, असं तुझ्या मनात आलं का?"

मी कप खाली ठेवला.

"पाकिटात चिठ्ठी होती. यांच्या फोटोच्या मागे. दोन्ही कार्डांचे पिन."

"ताई, हे बँकेला कसं कळणार? 'नाही' लिहा. नाहीतर पैसे मिळायचे नाहीत."

"मिळायचे नाहीतच. नियमच तसा आहे." त्यांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. "तुला निताईची गोष्ट सांगते. निताई मंडल. सियालदहच्या घाऊक बाजारात भाजीचा गाळा होता त्याचा. भाचीच्या लग्नाला ढाक्याला गेला, तिथे पाकीट गेलं, खातं रिकामं झालं. कार्डाच्या कव्हरवरच त्याने पिन लिहिलेला. तेही त्यानेच मला सांगितलं, मी विचारल्यावर. मी अर्ज फेटाळला. ते बरोबरच होतं, आजही कुणी तेच करेल. पण मी वर त्याला म्हटलं, अहो, पिन डोक्यात ठेवायचा असतो, खिशात नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं. तर तो म्हणाला, 'दीदी, माथाय थाके ना.' डोक्यात राहत नाही म्हणे. शेजारच्या टेबलावरचे हसले. मीही हसले असेन."

चहा गार होत होता.

"तेव्हा मला वाटलं, अडाणी आहे, निष्काळजी आहे. त्याचं वय साधारण आत्ताच्या माझ्याएवढं असेल. तो मला काय सांगत होता ते मी ऐकलंच नाही."

मी म्हटलं, "ताई, कपाटाचं दार..."

"माहीत आहे. तू विचारलंस, घरात कुठे, तेव्हाच माझ्या लक्षात आलं, ही ते दार उघडणार. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून विचार करत होते, जाऊ देऊ का पैसे? जातील तर जातील. पण हे कुणाला दिसायला नको." त्या जरा हसल्या. "तेवढ्यात तिसरा मेसेज आला. तीनशे युरो. मग म्हटलं, एवढी महाग लाज आपल्याला परवडायची नाही."

आम्ही दोघीही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. त्यांचे आले नाहीत. त्यांनी "होय" वर खूण केली, खाली सही केली, सही एकदा तपासून बघितली.

मग माझ्यासमोरच सुश्रुतला फोन लावला. "सुश्रुत, दोन गोष्टी सांगायच्यात. पाकीट चोरीला गेलं, ती लहान. दुसरी सांगताना मध्ये बोलू नकोस." मी उठायला लागले तर हाताने बसवलं. दीड वर्षापासून काय काय होतंय ते त्यांनी क्रमाने सांगितलं, जसं शाखेत अहवाल द्यावा तसं. बाजारातून येताना एकदा घराची गल्ली आठवली नव्हती. ऑटोवाल्याला फक्त मेट्रो स्टेशन सांगितलं आणि तिथे बाकावर बसून राहिल्या, आठवेपर्यंत. नंतर सुश्रुत एवढंच म्हणाला, "आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू लगेच घेऊन गेला असतास म्हणून."

तो शनिवारी आला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, दोन तास चाचण्या घेतल्या. विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाले. किती वेगाने वाढेल ते आत्ता सांगता येणार नाही. एकटीने लांबचा प्रवास नको. बाकी जे जमतंय ते करत राहा, लिहून ठेवण्यात काही कमीपणा नाही, पण पिन सोडून. ताई म्हणाल्या, "डॉक्टर, ते मी नऊ वर्षं लोकांना शिकवलंय." डॉक्टरांना काही कळलं नाही.

महिन्याभराने बँकेचं पत्र आलं. अर्ज नामंजूर. ताईंनी दोनदा वाचलं. "भाषा चांगली आहे," म्हणाल्या. "कुठेही टोचेल असं लिहिलेलं नाही. मी असं लिहीत नव्हते." आणि मग निताई मंडलला शोधायला म्हणून त्या आणि मी सियालदहला गेलो. दोन तास विचारत फिरलो. गाळा दुसऱ्याच कुणाचा झाला होता. निताईबाबू गावी गेले एवढंच कळलं, कुठलं गाव ते कुणालाच सांगता आलं नाही. ताईंनी त्या गाळ्यावरून परवल घेतले, हवे होते त्याहून जास्त, आणि परतीच्या गाडीत ती पिशवी मांडीवर धरून बसल्या.

बेंगळुरूला त्या अजून गेलेल्या नाहीत. सुश्रुतशी तडजोड झाली आहे, दर सहा महिन्यांनी पुन्हा ठरवायचं. खातं आता दोघांच्या नावावर आहे. खर्चापुरतं एक वेगळं खातं काढलंय, कार्ड फक्त त्या खात्याचं, त्यात थोडेच पैसे असतात. किराण्याच्या दुकानात त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं, मी एकच सामान दोनदा घ्यायला आले तर आठवण करून द्या. सांगायला त्यांना तीन दिवस लागले, पण सांगितलं.

नूपुर शाळेतून आली की हल्ली तासभर त्यांच्याकडे असते. तिचं मराठी यथातथाच, निम्मं बंगाली, निम्मं हिंदी. त्या दिवशी मी तिला बोलवायला गेले तर ताई तिला अथेन्सची गोष्ट सांगत होत्या. पोलिसांकडून निघाल्यावर मेट्रोच्या खिडकीतल्या बाईने त्यांना फुकट आत सोडलं, ते सांगून झालं होतं. मग त्या म्युझियमपर्यंत गेल्या. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून बाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या. दोन तास. समोर संत्र्याची झाडं होती, एक माणूस पायरी पाण्याने धूत होता, ऊन कुठपर्यंत आलं होतं, सगळं सगळं सांगत होत्या, कुठेही न अडखळता.

"आजी, तुला डर नाही लागला?" नूपुरने विचारलं.

"भीती वाटली नाही का, असं म्हण. वाटली ना. खूप वाटली. मग भूक लागली. पर्समध्ये हॉटेलातलं केळं होतं, ते खाल्लं."