गुलाबाचं अत्तर आणि चंद्रीचा संप

मी रोज अत्तर लावायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी आमची म्हैस मला ओळखेनाशी झाली.

म्हशीचं नाव चंद्री. कोल्हापूरच्या कडेला आमचं घर आणि घरामागं चंद्रीचा गोठा. आठ वर्षांत तिची धार माझ्याशिवाय कुणी काढलेली नाही. दुसरा कुणी कासेखाली बसला की ती आधी मान वळवून बघते, मग लाथ घालते. (बघते ती नेम धरण्यासाठी, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.) पहाटे पाचला मी गोठ्यात असते आणि साडेनऊला एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर. मधल्या वेळात माणूस जितकं स्वच्छ होऊ शकतो, तितकी मी होत होते असा माझा समज होता.

एका गुरुवारी एका मुलीनं पुस्तक उघडून नाकाशी नेलं आणि निरागसपणे विचारलं, "मॅडम, ह्या पुस्तकाला म्हशीचा वास कसा काय?"

पुस्तक नवं कोरं होतं. मीच सकाळी कव्हर घातलं होतं.

सगळं ग्रंथालय हसलं. 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेले शिपाईमामासुद्धा! मी तिथल्या तिथं ठरवलं, उद्यापासून रोज अत्तर लावायचं. लग्नाकार्याला नव्हे, रोज. घर, नोकरी आणि म्हैस यांच्यासाठी मी आयुष्यभर पुष्कळ काही ठरवलं होतं. हे एक फक्त माझ्यासाठी. काहीही झालं तरी मागं हटायचं नाही!

संध्याकाळी महाद्वार रोडवर अत्तरवाल्याकडं गेले. त्यानं माझ्या डाव्या मनगटावर मोगरा, उजव्यावर खस आणि कोपरावर केवडा लावला. मी म्हटलं, "समारंभाला नको, रोजच्याला चालंल असं द्या."

"रोजच्याला?" त्याचा चेहरा खुलला. "मग रोजच घ्या की वैनी! गुलाब! घामात टिकतंय, उन्हात टिकतंय, धुतलं तरी जाईत न्हाय!"

हा विनोद त्यानं त्या दिवसात विसाव्यांदा केला असणार, पण मी हसले आणि बाटली घेतली.

शुक्रवारी पहाटे अंघोळ करून, दोन्ही कानांमागं गुलाब लावून मी गोठ्यात गेले. चंद्रीनं हुंगलं. एक पाऊल मागं सरकली. मी "च्यक च्यक" केलं, पाठीवर हात फिरवला, पेंड पुढं ठेवली. तिनं पेंड खाल्ली, पण पान्हा काही सोडला नाही. पाऊण तास मी रिकाम्या बादलीकडं आणि चंद्री माझ्याकडं बघत बसलो.

घरात आले तर सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) माजघरात नाक वर करून उभ्या होत्या.

"कुणाकडं पूजा हाय काय गं? कसला वास यायलाय?"

"माझा हाय, आत्या. अत्तर लावलंय."

"गोठ्यात?"

"रोज लावणार हाय."

आत्यांनी लेकाला हाक मारली, "बाळू, हिला बघ काय झालंय!"

आमचे हे उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांना एकदम मुद्द्यावर यायची सवय आहे. "परवा रविवार. कबनूरचं पावणं येणार. त्यांस्नी मी सांगून बसलोय, घरच्या म्हशीच्या दुधाची बासुंदी खायला घालतो. सोमवारपासनं लाव की अत्तर!"

आमच्या लेकीनं, स्नेहलनं, लग्नासाठी मुलगा स्वतःच पसंत केला होता. कबनूरला मुलाकडच्यांचे यंत्रमाग. आता दोन्हीकडची मोठी माणसं पहिल्यांदा भेटणार होती आणि एकमेकांना नापसंत करायचा हक्क राखून होती. म्हणजे प्रसंग नाजूकच. पण मीही ठाम होते. "सवय माणसाला लागते तशी म्हशीलाबी लागंल," मी म्हटलं.

शनिवारी मी सवय लावायला घेतली. चंद्रीच्या कपाळावर अत्तराचे दोन थेंब लावले. म्हटलं, स्वतःच्याच अंगाला तो वास आला की माझ्या अंगाचा खुपणार नाही. चंद्री अर्धा तास शिंकत होती. मग तिनं कपाळ रेडकाच्या पाठीला घासलं आणि पुढच्या क्षणी रेडकाला हुंगून त्यालाच ढुशी दिली! आता आईला लेकरू ओळखेना, लेकराला दूध मिळेना आणि सगळ्या गोठ्याला लग्नाच्या मांडवाचा वास. रेडकाला मी कोमट पाण्यानं दोनदा धुतलं. अत्तरवाला खरं बोलला होता.

रविवारी उजाडता उजाडता चंद्रीच्या हंबरण्यानं गल्ली जागी झाली. कास दगडासारखी ताठ. मला रडू आलं. अत्तर सोडायचं नाही हे खरं, पण मुक्या जनावराचे हाल करायचे असंही मी ठरवलं नव्हतं. मी शिकेकाईनं न्हाले, डाळीचं पीठ चोळलं, शेवटी राखेनं हात घासले. गरम पाण्यानं गुलाब आणखीच उमलला.

तेव्हा आत्या धुण्याच्या ढिगातून माझी एक साडी काढून आणताना दिसल्या. गुरुवारी धार काढताना नेसलेली, अत्तराच्या आधीची, न धुतलेली.

"बाळू," त्या म्हणाल्या, "नेस."

"कोण, मी?"

"मग काय मी? तिनं लाथ घातली तर माझी हाडं गोळा करत बसशील."

हे पाच फूट अकरा इंच उंच आहेत आणि त्यांना मिश्या आहेत. साडी पोटऱ्यांपर्यंतच आली. चंद्रीला बांगड्यांच्या आवाजाची सवय, म्हणून स्नेहलनं आपल्या बांगड्या त्यांच्या मनगटावर सुतळीनं बांधल्या. डोक्यावरून पदर घेऊन हे गोठ्याकडं निघाले आणि माझ्यावर बोट रोखून म्हणाले, "तू सैपाकघराच्या भाईर पाऊल टाकायचं न्हाय. आणि मला कुणी बोलायला लावू नका!"

मी खिडकीतून बघत होते. ह्यांनी बांगड्या वाजवल्या. चंद्रीनं साडी हुंगली, एक लांब श्वास सोडला आणि दुधाची धार बादलीत वाजली! मी देवाला हात जोडले आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

पाहुणे अकराला येणार होते. वाजले होते साडेआठ! पुरुषमंडळी कोपऱ्यावर गाडी लावत होती आणि विहीणबाई पुढं आल्या होत्या. जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नाही.

"काय वो विहीणबाई!" त्या थेट गोठ्यात शिरल्या. "पावणं यायच्या दिवशीबी धार चुकली न्हाय की तुमची! बसा, बसा, उठू नका!"

हे उठणार नव्हतेच. त्यांनी पदर आणखी पुढं ओढला.

विहीणबाईंनी एक पाटी पालथी घातली आणि त्यावर बसल्या. "बरं झालं एकट्या गावलासा. बायकाबायकांत बोलता येतंय. आमचा अमित गुणी हाय, पर वल्ला टावेल कॉटवर टाकतोय. बापाचीच सवय! तुमचं मालक कसं हायत वो?"

ह्यांनी मान डोलावली.

"तापट हायत?"

ह्यांनी जोरात मान हलवली. बांगड्या खणखणल्या.

"बोलत न्हाईसा म्हंजे लई सोसलंय तुम्ही," म्हणत विहीणबाईंनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा थबकल्या. "पर अंगानं दांडग्या हाईसा बघा! फोटोत बारीक दिसत हुतासा. त्यो फोटो लग्नातला हुता व्हय?"

फोटो दोन महिन्यांपूर्वीचा होता! एवढा वेळ मी सगळं सोसलं होतं, पण हे मात्र सहन झालं नाही. ह्यांनी बजावलेलं विसरून मी धावतच गोठ्यात गेले. "अहो विहीणबाई, ती मी न्हवं!"

मी पोचायच्या आधी गुलाब पोचला. चंद्रीनं मान वळवली, नेम धरला आणि लाथ घातली. बादली उडाली. हे पाटीसकट आणि विहीणबाईंसकट शेणात! पदर घसरला आणि दुधात भिजलेल्या मिश्या उन्हात चमकल्या.

विहीणबाईंची किंकाळी त्यांच्या कबनूरपर्यंत गेली असेल. पुरुषमंडळी पळत आली.

"तुम्ही कोण?" विहीणबाईंनी मला विचारलं.

"मी विहीण."

"मग हे?"

हे उठले. निऱ्या सावरल्या, बांगड्यांचे हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाले, "नमस्कार. मी मालक. तापट न्हाय."

मोडलं, मी मनात म्हटलं. एका अत्तराच्या बाटलीपायी पोरीचं जमलेलं लग्न मोडलं! स्नेहल दारात पांढरीफटक उभी होती. मग विहीणबाई शेणात बसल्या बसल्याच हसायला लागल्या. हसता हसता नवऱ्याला म्हणाल्या, "बघा! बघून घ्या! बायकोची साडी नेसून धार काढणारा माणूस हाय ह्यो. न्हाईतर तुम्ही! ह्या घरातली पोरगी आपल्याला पायजेच!"

धार जवळजवळ पुरी झाली होती, त्यामुळं चंद्रीची कास मोकळी झाली. दुपारी तिनं रेडकालाही चाटायला घेतलं. बासुंदी मात्र पिशवीच्या दुधाची झाली. विहीणबाईंनी ती दोनदा मागून घेतली आणि म्हणाल्या, "घरच्या म्हशीची चव येगळीच वो!" आम्ही चौघांनीही माना खाली घातल्या.

अत्तर मी सोडलं नाही. आजही रोज लावते. धार मात्र तेव्हापासून हेच काढतात. चंद्री त्यांच्याकडं इतकी रमली आहे की आता मी नुसती गोठ्याच्या दारात उभी राहिले तरी फुरफुरते.

साखरपुड्याला विहीणबाईंनी मानाच्या दोन साड्या आणल्या. एक माझ्या ओटीत घातली. दुसरी भर मांडवात ह्यांच्या हातात दिली. "सुती हाय. गोठ्यात बरी पडंल."

घरी येऊन दोन्ही उलगडून बघितल्या. ह्यांची चांगली होती. रंग, काठ, पोत, सगळ्यातच! मी म्हटलं, "अहो, बदलून घेऊया की आपण."

ह्यांनी साडीची घडी घालून ती आपल्या कप्प्यात, शर्टांच्या खाली ठेवली.

"न्हाय बाई," हे म्हणाले. "तू एकदा नेसलीस की ती माझ्या कामातनं गेली."