साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलेलं पत्र

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात कुठल्याही गल्लीत शिंकलं, तरी सॉफ्टवेअर कंपनीचे दोन मालक वळून बघायचे. मुलाखतीला मात्र एकही सापडत नव्हता. आठवड्यात एखादा गाठला नाही, तर मासिकाचे संपादक मला नारळ देणार होते. सात पत्रांना उत्तर नव्हतं. आठवं घेऊन मी सदाशिव पेठेतल्या एका टायपिस्ट बाईंकडे गेलो.

बाई साठीच्या. त्यांची बोटं मशीनवर पडली की समोरच्या इमारतीतल्या बायका पाऊस आला समजून वाळत घातलेले कपडे काढायच्या. माझी तीन पानं वाचून त्यांनी अडीच पानांवर काट मारली.

"'आपला अमूल्य वेळ' कशाला? अमूल्य आहे हे त्यांना ठाऊक आहे. तुम्हाला किती हवा, ते लिहा."

"अहो, पण थोडी स्तुती..."

"तीस वर्षं मी कारखान्यात मालकांची सेक्रेटरी होते. असली स्तुती मीच रोज कचऱ्याच्या टोपलीत टाकायचे. विचारायचंय काय नेमकं?"

माझं तेच ठरलं नव्हतं! ते ठरेपर्यंत बाईंनी मशीनला हात लावला नाही. तासाभराने मला सुचलं: पक्की नोकरी सोडून कंपनी काढलीत, तेव्हा घरी काय सांगितलंत?

मग बाईंनी चारच ओळी टाइप केल्या: मी कोण, प्रश्न कोणता, वीस मिनिटं हवीत, फोन कधी करीन.

चौथ्या दिवशी भेटीची वेळ मिळाली. मी पेढे घेऊन धावत बाईंकडे गेलो. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"पेढे नंतर. आधी दुसरा प्रश्न शोधा. पहिल्याचं उत्तर ते दोन मिनिटांत देतील."