आक्काचा इंग्रजीचा पेपर

दहिवडीच्या स्टँडवर आक्कानं माझी बॅग एसटीच्या खिडकीतून आत ढकलली आणि म्हणाली, “मागं बघू नगंस. आईचं मी बघती.” मी कॉलेजला निघाले होते. आक्का माझी थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नववीतून आक्काचं नाव काढलं. ती घरी राहिली म्हणून मी शिकले, हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

आज मी सीवूड्सला राहते, नेरुळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. सोसायटीत मला ‘टीचर’ म्हणतात. माझ्या तोंडी ‘टेन्शन’, ‘अ‍ॅडजस्ट’ आलं आणि ‘नगं’ कधी गेलं ते कळलंही नाही.

आई गेल्यावर आक्का गावच्या अंगणवाडीत मदतनीस झाली. दोन वर्षांपूर्वी तिनं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. “दहावी, मग बारावी, मग सेविका,” असं तिचं ठरलं होतं. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. बाकीचे विषय ती एकटीनं रेटत होती. अडली ती इंग्रजीतल्या जेरंड आणि इन्फिनिटिव्हपाशी, म्हणजे क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायचं की आधी ‘टू’, तिथं.

“एन्जॉयपुढं आयएनजी आन् वॉन्टपुढं टू. असं का गं?”

“तसंच असतं आक्का. पाठ कर.”

“कारण कळल्याबिगार ऱ्हात न्हाई डोक्यात.”

एका रविवारी तिनं स्वतःवर लिहिलेला निबंध वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘आय स्टॉप्ड टू स्टडी.’ माझ्यासमोर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता. मी म्हटलं, “चुकलं. याचा अर्थ, मी शिकण्यासाठी थांबले. तुला म्हणायचंय शिक्षण सुटलं. स्टॉप्ड स्टडीइंग.” तिनं पुन्हा ‘टू स्टडी’च वाचलं. तिसऱ्यांदाही तेच. मी ओरडले, “आक्का, आठवीतल्या पोरांना कळतं हे!”

तिकडं वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “बरं. तुला कामं असतील.”

माफी मागायला हवी होती. मी पेपर तपासत बसले. त्यानंतर तिचे फोन आले, पण पाऊस, शेळ्या आणि माझी तब्येत एवढंच बोलणं. निकाल लागला तेव्हा मीच नेटवर पाहिला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीपुढे गैरहजर. “त्या दिवशी अंगणवाडीत साहेब येणार हुते,” ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, मला लगेच कळलं; तरी मी मान्य केलं.

यंदा वर्गात हाच धडा आला. मागच्या बाकावरच्या मुलीला मी पाच वेळा समजावलं, न चिडता. सहाव्यांदा तिनं विचारलं तेव्हा मात्र आक्काचा आवाज आठवला. मुलांना वाचायला सांगून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मे महिन्यात गावी गेले. आक्कानं नवी चादर अंथरली होती, चहा कपबशीत आणला. मी धीर करून म्हटलं, “आक्का, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. परत फॉर्म भर. फक्त इंग्रजीच राहिलंय. मी शिकवते.”

“नगं गं आता,” ती हसून म्हणाली. “तू कुठं त्यात येळ घालवती?” मग उशी माझ्याकडे सरकवत तिनं विचारलं, “किती दिवसांची रजा हाय?”

तिनं मायेनंच विचारलं. पण नवी चादर, कपबशी आणि हा प्रश्न, सगळं पाहुण्यासाठी असतं तसं होतं.