कोरडवाहू रानातला गूळ

गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास आला की मला अजून आमच्या साहेबांचा संशय येतो. त्या हिवाळ्यात कागलकडच्या एका नियोजित धरणाचा खर्च आणि फायदा तपासायला आम्ही दोघं गेलो होतो. आमच्या यादीत झाडून सगळी रानं कोरडवाहू होती, म्हणजे धरण झालं की तिथलं सगळं पीक फायद्यात धरायचं. माझे बूट मात्र त्याच रानांतल्या चिखलात रुतत होते. गुऱ्हाळाच्या मालकानं केळीच्या पानावर ऊन गूळ दिला आणि यादीत डोकावून विचारलं, "पावणं, आमचं रान कोरडं लिवलंय व्हय? नदीवर मोटार बसवून लई वर्सं झाली की! मग ह्यो गूळ कशाचा?" साहेब नुसते हसले, गुळाच्या बोटांनी यादीचं पान उलटलं आणि मला म्हणाले, "यादी आहे तशीच राहू दे." का, ते मी विचारलं नाही. आता कोल्हापुरात, शाहूपुरीत बसून साहेबांवर संशय घेणं सोपं आहे, पण गुळाचा डाग पडलेल्या त्या पानाच्या तळाशी 'समक्ष पाहणी केली' असं लिहून सही केली, ती मीच.