डेल्टाने पकडलेला चोर

एका शून्याच्या भरवशावर मी एका सरळ माणसाला गाडीचोर ठरवलं. ती घटना विसरायचा प्रयत्न मी नोकरीत असल्यापासून करतोय. अजून जमलेलं नाही.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. नुकताच खात्याचा संगणक वर्ग करून आलो होतो आणि तिथे डेल्टा नावाचं फंक्शन शिकलो होतो. दोन रकान्यांतले आकडे सारखे असले की ते एक दाखवतं, नसले की शून्य. मी लगेच जप्त गाड्यांची यादी केली: एका रकान्यात पंचनाम्यातल्या चासी नंबरचे शेवटचे सहा आकडे, शेजारी आरसी बुकातले.

धायरीतल्या एकाने चोरीची मोटरसायकल घेतलीय, असा निनावी फोन आला. आमचे जुने हवालदार पंचनामा करून गाडी आणि माणूस, दोन्ही घेऊन आले आणि जेवायला गेले. मी आकडे टाइप केले. शून्य.

माणूस तिशीचा. खडकीला संरक्षण खात्यात त्याची नोकरी पक्की होती, अडली होती ती आमच्याच चारित्र्य पडताळणीपाशी. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसून होती.

चासीवर नंबर कुणी बदलून ठोकला, हे मी त्याला चारदा विचारलं. गाडी कागदांसकट घेतली, एवढंच तो चारदा म्हणाला. खोटं बोलणारा दर वेळी तपशील वाढवतो. हा वाढवत नव्हता. ते मला दिसत होतं, पण समोर शून्यही दिसत होतं.

"साहेब, गाडी बाहेरच हाय. एकदा बघा तरी."

"संगणकाने बघितलंय," मी म्हणालो.

हवालदार हात पुसत आले आणि पडद्याकडे वाकून बघू लागले. "हा नऊ कुठून आणलात?"

"तुमच्याच पंचनाम्यातून."

"मी मराठी शाळेत शिकलोय, साहेब. तो एक आहे."

नंबर असा नशिबाचा, की एक सोडला तर त्यात फक्त शून्य, दोन आणि तीन. हे तिन्ही मराठीत आणि इंग्रजीत सारखेच दिसतात. बाकीचे पंचनामे इंग्रजी आकड्यांत होते, म्हणून हवालदारांचा मराठी एक मी इंग्रजी नऊ वाचला. आम्ही आवारात जाऊन फडक्याने चासी पुसली. तिथे नऊ नव्हता, एकच होता. परत येऊन नवाचा एक केला, आणि शून्याचाही एक झाला. इतकं हलकं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

फोन करणारा त्या माणसाचा भाऊबंदच निघाला. तीच गाडी त्यालाही हवी होती. मी स्टेशन डायरीत खरी नोंद केली, पडताळणीवर सही केली. संगणक आपण दिलेलेच आकडे ताडून बघतो. गाडीपाशी आपल्यालाच जावं लागतं, हे मला अठरा वर्षांच्या नोकरीनंतर कळलं.

बाहेर येऊन मी त्याच्या आईला एक-नऊचा घोळ सांगितला आणि माफी मागितली. पदर सावरत ती उठली.

"पोराची पडताळनी झाली, साहेब. तुमाला आकडं येत्यात का, ह्याची कुनी केलीवती का?"