खुर्चीखालचा हात

भुतं अंधारात दिसतात म्हणे. मला चौथ्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले, तेव्हापासून माझा अंधारच चालू आहे... एवढ्या वर्षांत एकही भूत भेटलं नाही. त्यामुळे असले किस्से कोणी सांगू लागलं की मी सरळ हसायचो. हे मुलीकडून लिहून घेतोय, तीही मध्येच थांबून "बाबा, खरंच?" विचारतेय. खरंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही दहिसरला चाळीत राहायचो, आई आणि मी. बोरिवली पूर्वेला अंधांसाठी एक वर्कशॉप होतं, पत्र्याची लांब शेड. तिथे मी वेताच्या खुर्च्या विणायचो. सोबत टेलिफोन ऑपरेटरच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पुस्तकं ब्रेलची, आणि मी वाचायचो डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने. हे लक्षात ठेवा.

एका सोमवारी मनोरीच्या कुठल्याशा बंगल्यातून चार खुर्च्या आल्या. आमचा सुपरवायझर साळवी — डोळस माणूस, आणि ते रोज ऐकवणारा — त्यातली हाताची मोठी खुर्ची माझ्यापुढे आपटून गेला.

"ही उद्यापर्यंत पाहिजे. गप्पा कमी."

विणकाम सोपं असतं. चौकटीला कडेने भोकं असतात. भिजवलेली वेताची पट्टी वरून भोकात सोडायची, खाली डाव्या हाताने धरायची, ताणायची, शेजारच्या भोकातून वर काढायची. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मी पहिली पट्टी सोडली, खाली हात नेला... आणि पट्टी आधीच ताणलेली! कोणीतरी खालून ओढून धरली होती.

"दिन्या, हात काढ रे. वेळ नाहीये."

"मी इकडे चहा पितोय ना!" माझ्याशेजारी विणायला बसणाऱ्या दिनकरचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाकडून आला.

मी खुर्चीखाली चाचपलं. काहीच नाही. पुढची पट्टी सोडली तर असा हिसका बसला की उजवा तळवा चिरला. मी साळवीला हाक मारली. तो वाकला, खाली बघितलं असावं.

"काही नाही खाली. नाटकं नकोत, वसंता. जमत नसेल तर सांग, तुझ्यासारखे दहा जण लाइनीत उभे आहेत."

मग काय करणार? पुन्हा बसलो. तिसऱ्या पट्टीला डावा हात खाली घातला आणि तिथे कोणाच्या तरी हाताने माझं पहिलं बोट पकडलं.

आम्ही अंध लोक माणसं हातांवरून ओळखतो. त्यामुळे हे मी खात्रीने सांगतो — तो माणसाचा हात होता. लहानसा, म्हातारा. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला वाकलेली, जुन्या संधिवातात होतात तशी. माझ्या आत्याचे हात तसेच होते, तिला साधी वाटी धरता यायची नाही. पण या हाताची पकड... लोखंडाची. आणि त्यात राग होता. हात हातात घेतला की राग कळतो, तो चेहऱ्यावर बघावा लागत नाही. त्याने माझं बोट हळूहळू, अगदी सावकाश उलटं वाकवायला घेतलं.

मी ओरडलो. सगळे धावले. बोट सुटलं.

"कुठे आहे रे तुझं भूत? दाखव!" साळवीने खुर्ची उलटी केली, आणि हातही घातला असणार. कारण "हे बघ, काय आहे इथे? काहीच—" एवढ्यावरच त्याचं वाक्य तुटलं. मग त्याच्या चपला बाहेर जाताना ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्ची तशीच, न विणता परत गेली. विचारलं तर साळवी म्हणाला, "पार्टीला घाई होती." तासाभरापूर्वी याच माणसाने बाकीच्या तीन खुर्च्या आठवड्याने दिल्या तरी चालतील म्हणून सांगितलं होतं.

घरी आईने बोट हळद लावून बांधलं. "तुका कोणी सांगलेलां थंय हात घालूक?" म्हणून रडली. सूज उतरली, पण बोटाचं टोक मेलं. ब्रेलवर फिरवलं तर गुळगुळीत कागद. एकही ठिपका लागेना.

डॉक्टरांनी सुई टोचली, गरम-गार लावून बघितलं. मग कुष्ठरोगाची तपासणी करायला सांगितली. झालं! रिपोर्ट येईपर्यंत साळवीने मला शेडबाहेर पाण्याच्या पिंपाजवळ बसवलं. दिनकर माझ्याशेजारी येऊन जेवायचा, बाकी कोणी नाही. रिपोर्ट स्वच्छ आला, तरी माझा पेला वेगळाच राहिला. बोटाच्या सगळ्या शिरा ठीक आहेत, बधिर व्हायचं कारण दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परीक्षा बुडाली. उजव्या हाताने वाचायला शिकण्यात दोन वर्षं गेली, मग ऑपरेटर झालो, संसार झाला, निवृत्त झालो. डावं बोट आजही मेलेलंच आहे.

मनोरीला चौकशी करायला मी कधी गेलो नाही. बंगल्याचं नावही विचारलं नाही. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. तो हात कोणाचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता मिळेलसं वाटतही नाही. पण त्याहून जास्त छळतो तो त्याचा राग. मी त्याचं काय बिघडवलं होतं? मी तर ती खुर्ची नीट करत होतो...